माळ्याची खोली

महाराष्ट्रांतील जुन्या वाड्यांत माळा नाहीं असें घर विरळा. वर कौलारू छपराचा उतार, खालीं कडीपाट आणि या दोहोंच्यामधील अंधुक, धुरकटलेली, जेमतेम पुरुषभर उंचीची जागा, असें त्याचें सामान्य स्वरूप असतें. लग्नकार्यांतील मोठालीं पातेलीं, गौरी-गणपतीची मखर, जुन्या वह्यांचे गठ्ठे, मोडका पाळणा, वर्षाचें सरपण, असें कांहींबाहीं तेथें चढतें आणि बहुधा तेथेंच राहतें. घरांतील माणसें त्या माळ्याखालीं जेवतात, निजतात. परंतु डोक्यावर काय आहे याचा विचार सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं.

तो विचार प्रथम येतो तो जागेच्या टंचाईमुळें. दोन खणांच्या बिऱ्हाडांत मुलें मोठीं होतात, एखादीची परीक्षा जवळ येते, एखाद्याचें लग्न ठरतें, आणि मग सर्वांची दृष्टि वर वळते. माळा रिकामा केला, एक झरोका मोठा केला आणि नीट जिना बसविला, तर आयती एक खोली मिळेल, ही कल्पना मनांत येण्यास वेळ लागत नाहीं. सुताराला बोलावण्यांत येतें. जुन्या फळ्या काढून नव्या जाड फळ्या ठोकल्या जातात. हौस अधिक असल्यास त्यांवर चुना-सिमेंटाचा थर देऊन फरशीही बसविली जाते. भिंतींना रंग लागतो, दिवा येतो, आणि खोली तयार झाली असें घरांतील मंडळी समजतात. वस्तुतः खोली तयार झालेली नसते. माळाच नटलेला असतो. माळा आणि खोली यांतील खरा भेद फळ्यांचा नव्हे, तो फळ्यांखालील कड्यांचा आहे.

माळ्याची रचना ध्यानांत घेतली म्हणजे हें सहज पटेल. भिंतीपासून भिंतीपर्यंत, किंवा खांबांवरील एका तुळईपासून दुसऱ्या तुळईपर्यंत, ठराविक अंतरानें कड्या टाकलेल्या असतात. फळ्या आपला भार कड्यांवर टाकतात, कड्या तो तुळयांवर किंवा भिंतींवर नेतात, तुळया खांबांवर नेतात, खांब व भिंती पायावर, आणि पाया जमिनीवर. ही एक सांखळी आहे. सांखळीचें बळ तिच्या सर्वांत दुर्बल दुव्याइतकेंच असतें. फळी कितीही जाड केली तरी ती केवळ एका कडीपासून शेजारच्या कडीपर्यंतचें अंतर संभाळते. कडीला तिच्यापासून मदत तर होत नाहींच, उलट तिच्यावर तेवढें ओझें मात्र वाढतें.

खोलीवर भार तो किती येतो? भारतीय मानकांच्या १९८७ च्या भारविषयक संहितेंत राहत्या खोलीसाठीं दर चौरस मीटरला सुमारें २०० किलो, म्हणजे दर चौरस फुटाला अदमासें १८ ते १९ किलो, इतका भार धरावा असें सांगितलें आहे. १० फूट रुंद आणि १२ फूट लांब अशा लहानशा खोलीचा हिशेब केला तर तो २,२०० किलोंच्या वर जातो. चार माणसें, एक खाट आणि एक टेबल यांचें वजन इतकें होत नाहीं हें खरें. परंतु कधीं घरांत कार्य निघतें, पंधरा-वीस माणसें एका जागीं जमतात, मुलें उड्या मारतात, आणि कपाटें पुस्तकांनीं भरतात. खोली बांधावयाची ती नेहमींच्या दिवसासाठीं नव्हे, तर अशा एखाद्या दिवसासाठीं.

यावर घरांतील वडीलधारी मंडळी एक आक्षेप घेतात, आणि तो सकृद्दर्शनीं बिनतोड वाटतो. पूर्वीं याच माळ्यावर धान्याचीं पोतीं असत. मग माणसें कां राहूं नयेत? याचें उत्तर असें कीं, जाणती माणसें पोतीं भिंतीला लागून, म्हणजे कड्यांच्या टोंकांजवळ, रचीत असत. कडीच्या टोंकाजवळील ओझें जवळजवळ सरळ भिंतींत उतरतें. तेंच ओझें मध्यावर आणून ठेवलें तर कडी सर्वांत अधिक वांकते. शिवाय पोतें स्थिर असतें. माणूस चालतो, बसतो, उठतो, आणि त्याच्या प्रत्येक पावलाचा धक्का लांकडाला सोसावा लागतो. पोतें माळ्यावर राहिलें म्हणून माणूस राहूं शकेल, हा निष्कर्ष यास्तव घाईचा होय.

आतां कडीचें बळ कशांत असतें तें पाहूं जातां एक चमत्कारिक वाटणारी, परंतु प्रत्येक सुताराच्या अनुभवाची गोष्ट पुढें येते. एखादी पट्टी आडवी धरून दाबली तर ती सहज लवते. तीच उभी धरली तर लवत नाहीं. लांकूड तेंच, वजन तेंच. बदलली ती केवळ उभी जाडी, म्हणजे खोली. गॅलिलिओनें १६३८ सालीं लायडन येथें प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत या गोष्टीचा शास्त्रीय विचार केला. त्यानंतर या विषयाचें गणित पुष्कळ सुधारलें, आणि त्याचें सार दोन वाक्यांत सांगतां येतें. कडीची रुंदी दुप्पट केली तर तिचें बळ दुप्पट होतें आणि ताठरपणाही दुप्पट होतो. परंतु तिची उभी जाडी दुप्पट केली तर बळ चौपट होतें आणि ताठरपणा आठपट होतो.

उदाहरणार्थ, एका माळ्याच्या कड्या ३ इंच रुंद व ४ इंच उभ्या जाडीच्या, चांगल्या सागवानाच्या, दीड-दीड फुटावर टाकलेल्या आणि दोन टेकणांमध्यें १० फूट लांबीच्या आहेत असें धरावें. वर सांगितलेला पूर्ण भार व फळ्यांचें वजन त्यांवर आलें तर अशा निरोगी कड्या मोडणार नाहींत. परंतु मध्यभागीं त्या सुमारें पाऊण इंच लवतील. १० फुटांच्या लांबीला एक तृतीयांश इंचापर्यंतचें लवणें सामान्यतः चांगलें समजतात. त्याहून अधिक झालें म्हणजे जमीन पावलागणिक हालते, वर ठेवलेलीं भांडीं खुळखुळतात, आणि खालच्या गिलाव्याला चिरा पडतात. लांकडावर पुष्कळ वर्षें भार राहिला कीं हें लवणें हळूहळू वाढतें आणि मग तें कायमचें होतें. जुन्या माळ्यांना जो झोळ आलेला दिसतो तो असाच आलेला असतो.

आतां याच कडीच्या अंगाला दुसरी एक कडी जोडली, २ इंच रुंद व ६ इंच उभी, तर काय होईल? दोहोंमध्यें लांकूड सारखेंच, कारण तीन चोक बारा आणि दोन सक बारा. असें असूनही नवी कडी एकटीच जुनीच्या सव्वादोनपट ताठ आहे. दोन्ही मिळून जुनीच्या सव्वातीनपट ताठ होतात, आणि पाऊण इंचाचें लवणें पाव इंचाच्या आसपास येतें. म्हणजे जो माळा झुलत होता तीच आतां खोलीची जमीन होऊं शकते. किंमत द्यावी लागते ती इतकीच कीं जमीन दोन इंच वर उचलली जाते आणि तेवढी डोक्यावरची उंची कमी होते. छपराच्या उताराखालीं दोन इंचही मोलाचे असतात हें खरें. तथापि ते येथें खर्च करण्यासारखे आहेत.

परंतु जोडकाम करण्याआधीं जुन्या कडीची परीक्षा झाली पाहिजे. सागवान कुजत नाहीं, अशी एक समजूत आहे. सागवानाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाहीं. पण कडेचें फिकट, कोंवळें लांकूड तिला वर्ज्य नाहीं, आणि जुन्या माळ्यांतील प्रत्येक कडी सागवानाची असतेच असेंही नाहीं. कडीचा मधला भाग डोळ्यांसमोर असतो, म्हणून लोक तोच पाहतात. खरा धोका असतो तो तिच्या भिंतींत गेलेल्या टोंकांशीं. कौल फुटून पावसाचें पाणी भिंतींत मुरतें, लांकडाच्या टोंकाला वारा मिळत नाहीं, आणि बाहेरून धडधाकट दिसणारी कडी आंतून भुसभुशीत होते. यासाठीं दोन्ही टोंकांभोंवतालची माती किंवा गिलावा थोडा काढून तेथें टोच्या घालून पाहावा. टोच्या अर्धा इंच सहज शिरला, किंवा हातोडीचा आवाज पोकळ आला, तर त्या कडीला जोड देऊन भागणार नाहीं. ती बदललीच पाहिजे. त्याआधीं गळणारें कौलही बदललें पाहिजे, नाहींतर नव्या लांकडाचीही तीच गति होईल.

दुसरी परीक्षा मातीची. पुष्कळ जुन्या घरांत कड्यांवर फळ्या किंवा किलचा टाकून त्यांवर मातीचा जाड थर घालीत आणि शेणानें सारवीत. ही माती उन्हाळ्यांत गारवा देते, आवाज दाबते, आणि आगीलाही थोडा अटकाव करते. म्हणून तिची निंदा करण्याचें कारण नाहीं. परंतु तिचें वजन ध्यानांत घेण्यासारखें आहे. सहा इंच जाडीचा चोपलेला थर दर चौरस फुटाला सुमारें २४ किलो भरतो. म्हणजे राहत्या खोलीसाठीं माणसांचा व सामानाचा म्हणून जितका भार धरावयाचा, त्याहून अधिक ओझें त्या कड्या जन्मापासूनच वाहत आल्या आहेत. ही माती काढून हलक्या फळ्या घातल्या तर कड्यांना मोठाच हातभार लागतो, आणि खोली करण्याच्या कामाचा आरंभ बहुधा येथूनच करावा. मात्र माती काढतांना ती एका कोंपऱ्यांत ढीग करून ठेवूं नये. टोपल्यांनीं थोडी थोडी, सर्व बाजूंनीं सारखी उचलून लगेच खालीं न्यावी. त्याच जागीं पुढें दोन इंचांचा सिमेंटाचा थर व फरशी घातली, तर चौरस फुटाला दहा किलोंच्या आसपास ओझें पुन्हां चढलें, हेंही विसरूं नये.

माती निघाल्यावर कड्या थोड्या वर येतात. पण जुना झोळ पूर्णपणें जात नाहीं. सरळ नवी कडी वांकलेल्या जुन्या कडीला तशीच जोडली तर दोघी मिळून भार घेणार नाहींत. म्हणून खालच्या मजल्यावर, भक्कम जमिनीवर जाड फळी टाकून, तिच्यावर टेकू व जॅक उभा करावा आणि कडी हळूहळू उचलावी. एका दिवसांत अष्टमांश इंचाहून अधिक उचलण्याची घाई करूं नये. शंभर वर्षांत जें वांकलें तें एका दुपारीं सरळ करूं गेल्यास लांकूड तडकतें, आणि शेजारच्या खणांतील गिलावाही गळून पडतो. झोळ सर्व निघाला नाहीं तरी चालेल. नव्या कड्यांच्या माथ्यांना पाणसळ लावून जमीन समतल करतां येते.

नवी कडी जुनीइतकीच लांब असावी आणि तिचीं दोन्ही टोंकें भिंतीवर किंवा तुळईवर पुरतीं टेकावीं. मध्येंच संपणारा तुकडा जोडला तर मध्यभाग ताठ होतो, परंतु सर्व भार शेवटीं जुन्या कडीच्या त्याच क्षीण टोंकांवर येतो. दोन भिंतींमध्यें पूर्ण लांबीची कडी घालावयाची कशी, हा प्रश्न गवंडी व सुतार मिळून सोडवितात. एका भिंतींतील खोबण अधिक खोल करतात, कडी प्रथम तींत पुढें सारतात आणि मग मागें ओढून दुसऱ्या खोबणींत बसवितात. टोंकाखालीं सपाट दगड बसवावा, म्हणजे भार मातीच्या भिंतीवर एका बिंदूंत न पडतां पसरतो; आणि टोंकाभोंवतीं थोडी मोकळी जागा ठेवावी, म्हणजे लांकडाला वारा लागतो. दोन कड्या नुसत्या खिळ्यांनीं जोडूं नयेत. जुनें सागवान कठीण असतें आणि खिळ्यानें चिरतें. गिरमिटानें भोंकें पाडून अर्ध्या इंचाचे बोल्ट, दोन्ही बाजूंस रुंद चकत्या घालून, एक वर एक खालीं असे सुमारें सोळा-सोळा इंचांवर आवळावे. शेवटीं कड्यांच्या मधोमध आडवे ठोकळे घट्ट बसवावे. त्यांच्यामुळें कड्या कलंडत नाहींत, आणि एकीवर पाऊल पडलें कीं शेजारच्या दोघी तिला साहाय्य करतात.

कित्येक घरांत दुसरा मार्ग अधिक सोईचा ठरतो. कड्यांच्या मध्यावर, त्यांना काटकोनांत, खालून एक लोखंडी गर्डर किंवा भक्कम तुळई द्यावयाची. लांबी निम्मी झाली म्हणजे कडीचें लवणें जवळजवळ सोळाव्या हिश्श्यावर येतें. यासाठीं हा उपाय अतिशय परिणामकारक आहे. परंतु भार नाहींसा होत नाहीं, तो केवळ आपला मार्ग बदलतो. पूर्वीं जो दोन्ही भिंतींवर सर्वत्र सारखा पसरत होता त्यांतील निम्म्याहून अधिक भाग आतां गर्डर गोळा करतो आणि आपल्या दोन टोंकांशीं ओततो. वर घेतलेल्या खोलीच्या हिशेबानें प्रत्येक टोंकाखालीं सातशें ते नऊशें किलो भार येऊं शकतो. तें टोंक खिडकीच्या माथ्यावर आलें, किंवा कच्च्या विटांच्या भिंतीवर तसेंच टेकविलें, तर कडी वांचली पण भिंत गेली, असें व्हावयाचें. म्हणून गर्डरच्या टोंकांखालीं दगडी किंवा काँक्रीटची बैठक हवी, आणि भिंत कच्ची असल्यास खालून पायापर्यंत स्वतंत्र खांब हवा.

भिंतीविषयीं इतका आग्रह धरण्यास पुण्याच्या इतिहासांत सबळ कारण आहे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पाणी शहरांत शिरलें, तेव्हां नदीकांठच्या पेठांतील कितीतरी जुने वाडे कोसळले. मातीची भिंत भिजली कीं तिचें बळ सरतें, आणि तिच्यावर टेकलेलें लांकूड कितीही उत्तम असलें तरी त्याला उभें राहण्यास जागा उरत नाहीं. पूर नित्य येत नाहीं, पण पावसाळा दरवर्षीं येतो. जुन्या घरांच्या भिंती पडल्याच्या वार्ता पावसाळ्यांतच अधिक ऐकूं येतात. वर नवें ओझें चढविण्यापूर्वीं भिंत कोठें फुगली आहे काय, पायाशीं ओल आहे काय, न्हाणीचें पाणी कोठें मुरतें, हें पाहणें म्हणूनच माळ्याच्या कामाचाच एक भाग होय. बांधकामाचा अभियंता बोलवावा तो याच वेळीं, काम संपल्यावर नव्हे.

जिन्यासाठीं जागा करतांना तर हात विशेष आवरला पाहिजे. एखादी कडी आड येते म्हणून ती कापली जाते, आणि तिचें तुटकें टोंक फळ्यांच्या भरंवशावर अधांतरीं राहतें. कापलेल्या कडीचा भार आडव्या कडीनें घेऊन तो दोन्ही बाजूंच्या जोडकड्यांवर पोंचविला पाहिजे. तसेंच ज्या घरांत माळ्याची तुळई छपराच्या वाशांचे पाय बांधून ठेवते, तेथें ती कापणें म्हणजे छपराला भिंती बाहेर लोटण्याची मोकळीक देणें होय. विजेच्या तारा नेण्यासाठीं कडीच्या खालच्या कडेस खांचा पाडण्याची चालही वाईट. कडी वांकते तेव्हां तिच्या खालच्या कडेवर ताण व वरच्या कडेवर दाब असतो. मधोमध दोन्ही नसल्यासारखे असतात. भोंक पाडावयाचें तर तें लहान असावें आणि उभ्या जाडीच्या मध्यावर असावें.

खोली झाल्यावरही थोडें तारतम्य हवें. पुस्तकांचें कपाट भिंतीला लागून, अनेक कड्यांवर आडवें येईल असें ठेवावें. दोनशें लिटरचें पाण्याचें पिंप म्हणजे चार चौरस फुटांवर दोनशें किलो. त्याला माळ्यावर स्थान नाहीं. कौलांखालीं वारा खेळता नसेल तर चैत्र-वैशाखांत अशा खोलींत कोणी बसणार नाहीं, म्हणून समोरासमोर दोन झरोके हवेत. नगरपालिकेची किंवा महानगरपालिकेची परवानगी, आणि राहत्या खोलीच्या उंचीविषयींचे नियम, यांची चौकशी आधीं करावी. भाडेकरूनें मालकाची लेखी संमतीही घ्यावी. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्यान्वयें संमतीवांचून केलेलें कायमचें बांधकाम जागा सोडावी लागण्यास कारण होऊं शकतें.

इतका व्याप पाहून कोणाला वाटेल कीं, त्यापेक्षां माळा होता तसाच बरा. कांहीं घरांच्या बाबतींत तें खरेंही ठरेल. भिंत कच्ची, कड्या किडलेल्या आणि उंची तोकडी, अशा ठिकाणीं खोलीचा हव्यास सोडणें हेंच शहाणपण. परंतु जेथें भिंती कोरड्या आहेत, लांकडाचा गाभा निरोगी आहे आणि माती उतरवितां येते, तेथें थोड्या लांकडानें, थोड्या लोखंडानें आणि पुष्कळशा विचारानें एक चांगली खोली मिळूं शकते. पैसा मर्यादित असेल तर तो वरील फरशी, रंग व नक्षी यांवर नंतर खर्चावा. आधीं तो कड्यांवर, त्यांच्या टोंकांवर आणि त्या टोंकांखालील भिंतीवर खर्चावा. वरच्या खोलींत जो निजणार त्याला जमीन पायाखालीं जाणवते. खालीं जीं माणसें निजतात त्यांना तसें कांहींच जाणवत नाहीं. तीं केवळ विश्वासावर निजतात, आणि तो विश्वास शेवटीं त्या कड्यांनाच सांभाळावयाचा असतो.